आतला बंद

बोरा सुटला की त्रिएस्तेत माणसं भिंत धरून चालतात,
कपडे कोण घेणार?
मी बॉबिन भरत बसले होते.
तेवढ्यात नीवेस आली, दोन्ही हातांनी दार लोटत,
केस सगळे एका कानावर.

म्हणाली, शनिवारी माझ्या निवृत्तीचं जेवण आहे.
एकतीस वर्षं कॉफीच्या गोदामात
पोत्यांत नळी खुपसून दाणे काढले, हुंगले, नोंदवले.
आता म्हणे घरी बसा.
दे काहीतरी. काळं नको,
काळ्यात मी मयताला आल्यासारखी दिसते.

आधी निळा दिला. पाठीला चेन.
पडद्याआड बराच वेळ काही हालचाल नाही,
मग एक शिवी, आमच्या बोलीतली, बंदरावरची,
आणि ती बाहेर आली, चेन पाठीच्या मध्यावर अडकलेली.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही तिचा.
ओढतेस का?
ओढली.
खोटं कशाला बोलू, चपखल बसला.
आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाली,
आणि शनिवारी कोण ओढेल?

शेजारीण, असं म्हणणार होते.
जीभ चावली.

खिडकीतल्या पुतळ्याच्या अंगावरचा काढला मग,
पुतळ्याचं तोंड भिंतीकडे केलं, बिचारीला लाज नको.
करडा-हिरवा, अंगाभोवती गुंडाळायचा, बंदांचा.
नीवेसनं कापड नाकाशी नेलं, सवयीनं,
म्हणाली, रंग न भाजलेल्या दाण्याचा आहे,
वास मात्र तुझ्या इस्त्रीचा.

हा पदर आत. त्याचा हा बारीक बंद
इथे, शिवणीपाशी, आतल्या आत बांधायचा.
कुणाला दिसत नाही, पण सगळा भार त्याच्यावर.
आता दुसरा पदर वरून,
लांब पट्टा पाठीमागून फिरवून कुशीशी गाठ.
हात कमरेएवढाच मागे न्यायचाय. जातो ना?
गेला.
गाठ बरगड्या संपतात तिथे येऊ दे,
खाली घसरली तर पोटच आधी नमस्कार करतं.
आणि सुरगाठ मार, निरगाठ नको.
रात्री दमून आल्यावर
एक टोक ओढलं की सुटली पाहिजे.
जेवणाआधी घट्ट, केक खाल्ल्यावर दोन बोटं सैल,
चेनवाल्यांना असली माया नसते.

छान आहे, म्हणाली, उभ्या उभ्या.
म्हटलं, बस.
उभं असताना सगळेच कपडे शहाणे असतात.
स्टुलावर बसली, आणि पदर गुडघ्यावरून सरळ बाजूला.
आम्ही दोघींनी खिडकीकडे पाहिलं.
बाहेर कुणाची तरी छत्री एकटीच चालली होती.

टिचबटणं काढली.
एक छातीशी, दोन गुडघ्याच्या वर.
मी जमिनीवर, तोंडात टाचण्या,
ती माझ्या डोक्यावरून बोलत होती:
माझा एक फोटो आहे, आठ दिवसांची असतानाचा,
त्यात असंच बंदांचं झबलं घातलंय.
बघ ना,
मधे एवढी वर्षं चेन.

मला टाचण्यांमुळे उत्तर देता आलं नाही.

पडद्याआड जाऊन तिनं सोडला, बांधला,
पुन्हा सोडला. टिच, टिच, टिच.
मी पैसे मोजायचं सोडून ऐकत राहिले.
मग तोच घालून गेली, वरून कोट,
कोपऱ्यावर वाऱ्यानं कोट उचलला,
खालचं हिरवं टोक फडफडलं,
पण उघडलं नाही. मी दारापर्यंत जाऊन पाहिलं.

जुना स्कर्ट इथेच विसरलीय, खुंटीला.
खिशात कॉफीचे पाच-सहा दाणे निघाले, कच्चे.
ते बशीत काढून ठेवलेत.
पुतळ्याला अजून काही घातलेलं नाही.